कृपया हात लावावा

हात मागे बांधून चालायचं वळण मला संग्रहालयांनी लावलं. शाळेतल्या बाईंना ते कधी जमलं नव्हतं. काचेच्या पेट्यांमधून वाट काढताना आपोआप हात पाठीमागे जातात, मान जराशी तिरकी होते आणि चालीत तपासणीला आलेल्या साहेबाचा रुबाब येतो. पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते मी असेच पाहिले. एकेकाळी दुपारच्या जेवणानंतर ज्यांना हातातून खाली ठेवायला उसंत मिळाली नसेल, ते आता सुपारीशी कायमचा काडीमोड घेऊन मखमलीवर पहुडलेले. त्यांना हात लावू नये हे योग्यच. येणाऱ्या प्रत्येकाने एकेक खांड कातरून पाहायचं ठरवलं, तर वर्षभरात संग्रहालयात नुसता भुगा उरेल. तरी त्या काचेसमोर उभं राहिलं की बोटांना एक अस्पष्ट हुरहुर लागतेच. बोटांना डोळ्यांइतकी समज नसते, पण उत्सुकता जास्त असते.

म्हणून वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात पाऊल टाकलं की मोठ्या माणसांची पहिली काही मिनिटं अवघडलेपणात जातात. इथे दांडा फिरवा, कळ दाबा, दोरी ओढा, पाटावर बसा, नळीत बोला, असा सगळा आग्रहाचा मामला. आपण मात्र अजून पाठीमागेच हात बांधून. आपल्या शेजारून एक सहा-सात वर्षांचं पोर सुसाट जातं, दोन्ही हातांनी कळ दाबतं, काही होतंय का ते बघतं, पुन्हा दाबतं आणि पुढे पळतं. त्याची आई मागून येऊन शांतपणे पाटी वाचते. मूल आणि पाटी यांची या वास्तूत गाठ पडल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पाटी ही पालकांसाठी असते.

या केंद्राची जन्मकथाही त्या पोरासारखीच आहे, क्रम न पाळणारी. 1977 मध्ये प्रकाश आणि दृष्टी या विषयाचं एक दालन उघडलं. 1979 मध्ये, जगभर बालवर्ष साजरं होत असताना, झाडांच्या सावलीत विज्ञान उद्यान सुरू झालं. झोके, घसरगुंड्या, कप्प्या आणि लोलक यांची ही बाग आपल्या जातीची जगातली पहिली, असं अभिमानाने सांगितलं जातं. पूर्ण केंद्राचं उद्घाटन पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झालं ते 1985 च्या नोव्हेंबरात. म्हणजे आधी अंगण झालं आणि घर मागाहून उभं राहिलं. आणखी एक गंमत : देशभरातली अशी केंद्रं चालवणारी राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद विज्ञान खात्याकडे नाही, ती येते संस्कृती मंत्रालयाच्या पंखाखाली. कप्पी आणि तरफ ही आपली संस्कृती आहे, असं सरकारदरबारी कुणाला तरी वाटलं, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

अशा बागांमध्ये हमखास असतात त्या दोन मोठ्या तबकड्या. एकमेकींकडे तोंड करून, चांगल्या अंतरावर उभ्या. त्यांचा खोलगटपणा असा बेतलेला असतो की एकीच्या नाभीपाशी कुजबुजलेला शब्द तिच्या पृष्ठभागावरून समांतर निघतो, मधली मोकळी जागा ओलांडतो आणि दुसरीच्या नाभीपाशी पुन्हा एकवटतो. मधून जाणाऱ्याला काही ऐकू येत नाही. तार नाही, बॅटरी नाही, रेंजची भानगड नाही. माणसाने अशा यंत्रापाशी यावं, जगातलं कुठलंही गुपित सांगायची मुभा मिळावी आणि त्याने काय म्हणावं? ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ पलीकडून उत्तर येतं, ‘हो, येतंय. तुला ऐकू येतंय का?’ तेवढ्यावर संभाषण संपतं आणि मागची मंडळी पुढे सरकतात. लहान, थोर, शिकलेले, न शिकलेले, सगळ्यांचं पहिलं वाक्य हेच.

याला अपवाद मी एकच पाहिला. एक आजोबा-आजी नातवंडांच्या आग्रहाला बळी पडून दोन टोकांना उभे होते. आजोबांना कमी ऐकू येत असावं, कारण एरवी आजी त्यांच्याशी सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होत्या. तबकडीपाशी त्या काय पुटपुटल्या देव जाणे. पण इतक्या लांबून, इतक्या हळू आलेलं ते बोलणं आजोबांना स्पष्ट ऐकू गेलं असावं. ते चक्क लाजले. ‘काय म्हणाली आजी?’ नातवाने विचारलं. ‘गोळी घेतली का म्हणते,’ असं सांगून त्यांनी विषय मिटवला. गोळीच्या चौकशीने कुणी एवढं लाजत नाही, हे त्या नातवालाही कळलं असणार. परावर्तनाचा नियम मात्र एका झटक्यात सिद्ध झाला.

वडील मंडळींची खरी परीक्षा दुहेरी शंकूपाशी होते. दोन शंकू बुडाशी जोडून केलेला हा प्रकार दोन रुळांवर ठेवलेला असतो. रूळ एका टोकाला जवळ आणि खाली. दुसऱ्या टोकाला दूर आणि वर. शंकू खालच्या टोकाला सोडला की तो निवांतपणे चढ चढू लागतो. मूल वर बघतं. अशा वेळी आपल्याकडच्या बाबांजवळ एक सर्वरोगहर उत्तर असतं : ‘आत चुंबक आहे.’ लोलक थांबला नाही, चुंबक. चेंडू हवेत तरंगला, चुंबक. मूल मान डोलावतं आणि पुढच्या खेळाकडे धावतं. मग बाबा इकडेतिकडे पाहून हळूच परततात, पाटीवर वाकतात आणि वाचतात, की रूळ रुंदावत जातात तसा शंकू त्यांच्यामध्ये खचत जातो. कडा चढताना दिसल्या तरी त्याचा गुरुत्वमध्य खरं तर खालीच येत असतो. बाबा खाली बसून डोळा रुळाच्या रेषेत आणतात. शंकू पुन्हा सोडतात. पुन्हा. चेहऱ्यावर काही क्षण एक निर्मळ नवल उमटतं. गृहकर्जाचे हप्ते सुरू झाल्यापासून ते तिथे फिरकलं नसावं. मुलाला नंतर ते खरं कारण सांगतात की नाही, ते मला ठाऊक नाही. सांगावं.

शाळांच्या सहली येतात त्या दिवशी या जागेचा नूर पालटतो. जोडी-जोडीने हात धरलेल्या रांगा, गळ्यात पाण्याच्या बाटल्या, खाकी, निळे, चौकटीचे गणवेश आणि ‘कुणी कशाला हात लावायचा नाही हं!’ अशी दारातच दिलेली ताकीद. बाईंचंही चुकत नाही. पन्नास-साठ मुलं मोजून आणायची आणि मोजून न्यायची, हे काम गुरुत्वाकर्षणापेक्षा अवघड. काही मुलांच्या हाती वही असते आणि सगळ्या पाट्या उतरवून आणायचा हुकूम. एवढ्या झुलत्या, फिरत्या, लखलखत्या गोष्टींमध्ये खाली मान घालून ‘लोलकाचा आवर्तकाल त्याच्या लांबीवर अवलंबून असतो’ हे सुवाच्य अक्षरात लिहिणारी मुलगी पाहिली की वाटतं, तिला त्या लोलकाला एक धक्का तरी मारू द्या. वाक्य कुठे पळून जात नाही. पण मग त्याच बाई, मुलं डबे खायला बसली की, पदर खोचून कप्प्यांच्या खुर्चीत बसतात आणि स्वतःलाच दोरीने वर उचलून घेतात. एक कप्पी असलेल्या खुर्चीत जोर लागतो, जास्त कप्प्यांच्या खुर्चीत अलगद वर जाता येतं. फक्त दोरी कितीतरी जास्त ओढावी लागते. निसर्गाच्या दुकानात फुकट काही मिळत नाही, हा धडा बाई वर्गात वर्षानुवर्षं शिकवत असतील. आपलं वजन आपल्याच हातांना हलकं लागल्यावर त्या ज्या हसतात, तसं वर्गात हसता येत नसावं.

अशा जागांचे एक आजोबा अमेरिकेत होऊन गेले : फ्रँक ओपेनहायमर. अणुबॉम्बवाल्या रॉबर्टचे धाकटे भाऊ. स्वतःही भौतिकशास्त्रज्ञ, स्वतःही त्या प्रकल्पात राबलेले. पुढे साम्यवादी पक्षाशी जुना संबंध निघाला म्हणून 1949 मध्ये विद्यापीठातली नोकरी गेली, आणि हा माणूस कोलोरॅडोत जाऊन गुरं पाळू लागला. मग तिथल्याच गावातल्या शाळेत शिकवू लागला. त्यातूनच 1969 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्स्प्लोरेटोरियम’ उभं राहिलं. संग्रहालयात कधी कुणी नापास होत नाही, असं ते म्हणत. आपल्याकडे या वाक्याचं मोल फार आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशी ज्या देशात पेढेवाल्याच्या आणि डॉक्टरच्या, दोघांच्या दारात गर्दी होते, तिथे विज्ञानाची एक तरी जागा अशी असावी, जिथे गुणपत्रिका मिळत नाही.

ओपेनहायमरांची आणखी एक गोष्ट मला आवडते. त्यांनी कार्यशाळा तळघरात लपवली नाही. लोकांना दिसेल अशी ठेवली. खेळणी बनवणारे आणि मोडलेली दुरुस्त करणारे कारागीर, हेही पाहण्यासारखंच. कारण हात लावू देणाऱ्या संग्रहालयाचा संसार हा मुख्यतः दुरुस्तीचा संसार आहे. कळा बसतात, दोऱ्या तुटतात, दांडे निखळतात. नेमकं आपल्या मुलाला हवं असलेल्या खेळावरच ‘दुरुस्तीसाठी बंद’ ही पाटी लटकलेली असते आणि पालक हळहळतात, की आपल्याकडे काही धड टिकत नाही. खरं आहे, देखभाल अधिक चांगली हवी. पण एक बाजू अशीही आहे, की शाबूत, चकचकीत, एकही ओरखडा नसलेला खेळ हा बहुधा कुणाला न आवडलेला खेळ असतो. जुन्या दांड्यावरचा रंग जिथे उडून खालचं लोखंड गुळगुळीत झालंय, तिथे हजारो पोरांचे घामेजलेले तळवे येऊन गेलेले असतात. देवळातल्या पायरीसारखं ते झिजणं.

पुण्यात याच कुळातलं, पण अंगाने अगदी किरकोळ असं एक ठिकाण आहे. आयुका ही आकाशाचा अभ्यास करणारी संस्था. 1988 मध्ये ती स्थापन झाली आणि जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक झाले. मुलं स्वाक्षरी मागायला आली की नारळीकर देत नसत. पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करून पाठवतो, म्हणत. सही हवी तर आधी कुतूहल दाखवा, असा तो रोखठोक व्यवहार होता. त्या आवारात पु. ल. देशपांडे फाउंडेशनच्या देणगीतून मुलांसाठी ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ उभी राहिली. इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’, सप्तर्षींमधला एक तारा. त्यातली पहिली दोन अक्षरं मराठी माणसाला वेगळी दाखवावी लागत नाहीत. तिथे अरविंद गुप्ता अनेक वर्षं कचऱ्यातून खेळणी करत राहिले. आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, स्ट्रॉ, जुने सेल. विद्युत मोटर म्हणजे काय, तर एक सेल, त्याच्या दोन टोकांना रबरबँडने बांधलेल्या दोन सेफ्टीपिना, वर चिकटलेलं एक चुंबक आणि पिनांच्या भोकांत अडकवलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं. तारेच्या एका टोकाचं इनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्या टोकाचं एका बाजूने तसंच ठेवायचं. तेवढ्याने अर्ध्या फेऱ्यात प्रवाह तुटतो आणि वेटोळं अडखळून न थांबता फिरत राहतं. इथे बाबांचं उत्तर पहिल्यांदाच बरोबर ठरतं : आत खरोखर चुंबक आहे.

ज्यांना वरळी आणि पुणे दोन्ही लांब, त्यांच्यासाठी बस आहे. 1965 मध्ये कोलकात्याच्या बिर्ला संग्रहालयाने प्रयोग गाडीत भरून गावोगाव न्यायला सुरुवात केली. पुढे देशभर अशा बसगाड्या फिरू लागल्या. शाळेच्या पटांगणात ती उभी राहिली की मुलांच्या मागून पाणी भरून परतणाऱ्या बाया थांबतात, ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावरची मंडळी ‘काय आलंय’ म्हणून उठून येतात. बस शाळेची असते, बघायला गाव येतं. प्रौढ शिक्षणाचे वर्ग भरवून जे जमत नाही ते अशा वेळी कुणी न सांगता होतं, कारण नातीचा हात धरून आलेल्या आजोबांना कुणी ‘शिका’ म्हणत नाही. ते नुसते दांडा फिरवून दिवा लागतोय का ते पाहतात. दिवा मंद झाला की जोर लावतात. वीजबिलाबद्दलचं त्यांचं मत त्या दिवसापासून थोडं मवाळ होत असेल, नसेलही.

तेव्हा मुलं लहान असतील तर त्यांना घेऊन जा; मोठी झाली असतील, परदेशी गेली असतील, तर त्यांच्यावाचून जा. तिकीट खिडकीवर सोबत मूल आहे का, असं कुणी विचारत नाही. सहलींची गर्दी टाळायची तर पावसाळ्यातला एखादा मधला वार बरा. वरळीचं केंद्र होळी आणि दिवाळी सोडली तर वर्षभर उघडं असतं.