गिअर जमिनीवर आणताना

जुन्या अमेरिकन पिकअप ट्रकमध्ये गिअरची दांडी जमिनीतून उगवत नाही. ती स्टेअरिंगच्या खांबाला उजव्या अंगाने फुटलेली असते. शेव्हरोलेने 1947 मध्ये ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिकेचे पिकअप आणले आणि 1948 मध्ये तीन गिअरच्या ट्रकांतली दांडी फरशीवरून उचलून खांबावर चढवली. कारण साधे होते. पुढच्या सलग बाकड्यावर तिघे बसत आणि मधल्याच्या गुडघ्यांना दांडीचा जाच होई. आपल्याकडे ॲम्बॅसिडर आणि पद्मिनीतही बरीच वर्षे गिअर स्टेअरिंगवरच होता. त्यामुळे पुढे तिसरा माणूस आरामात बसे आणि त्याच्या मांडीवर चौथा, तितक्याच आरामात नाही, पण बसे. अमेरिकेत ही तीन गिअरची दांडी पिकअपमध्ये थेट 1980 च्या दशकापर्यंत टिकली.

दांडी स्वतःकडे ओढून वर केली की रिव्हर्स, खाली केली की पहिला. पलीकडे ढकलून वर दुसरा आणि खाली तिसरा. एवढे डोळे मिटून जमते. खालची यंत्रणा मात्र सरकारी फायलीच्या वाटेने चालते. दांडी खांबातली नळी फिरवते, नळी खांबाच्या बुडाशी असलेल्या दोन लिव्हरपैकी एकाला पकडते, लिव्हर लांब सळई ओढतो आणि ती सळई गिअरबॉक्सच्या बगलेतला आखूड लिव्हर हलवते. पहिला आणि रिव्हर्स एका सळईकडे, दुसरा आणि तिसरा दुसरीकडे. प्रत्येक सांध्यावर एकेक बुश असतो आणि प्रत्येक बुश आपापल्या परीने झिजतो.

बुश झिजले की दोन्ही लिव्हर न्यूट्रलमध्ये एका रेषेत येत नाहीत. मग पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दांडी मध्येच अडकते, आणि ती हमखास चौकात अडकते. मागची वाहने हॉर्न वाजवत असताना मालक खाली उतरतो, बॉनेट उघडतो, खांबाच्या बुडाशी हात घालून दोन्ही लिव्हर हाताने न्यूट्रलला आणतो आणि काळे हात पँटला पुसत पुन्हा बसतो. बघ्यांना इंजिन बिघडल्यासारखे वाटते. काही जण पाणी घालायचा सल्ला देतात.

यावरचा उपाय सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो: बुश बदलावेत, लिव्हर न्यूट्रलमध्ये जुळवून घ्यावेत आणि मग सळयांची लांबी बसवावी. दुपारभराचे काम आहे आणि खर्च किरकोळ. पण एवढ्यावर समाधान मानणारा माणूस सत्तर वर्षांचा ट्रक मुळात पाळतच नाही. त्याला दांडी जमिनीवर हवी असते. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण गॅरेजमध्येच जन्मली असावी अशी शंका इथे येते.

खरे कारण बुश नसून हौस असते. जॉर्ज हर्स्ट या गृहस्थाने पेनसिल्व्हेनियात जमिनीवरचे दणकट शिफ्टर बनवायला घेतले आणि 1964 च्या पाँटिअ‍ॅक जीटीओमध्ये ते कारखान्यातूनच बसून आले. तेव्हापासून फरशीतून वर आलेली क्रोमची दांडी आणि तिच्या टोकाचा पांढरा गोळा हे पुरुषार्थाचे चिन्ह ठरले. खांबावरची दांडी मात्र मास्तरांच्या गाडीची वाटू लागली.

सर्वांत स्वस्त मार्ग किटचा. यात जुना गिअरबॉक्स जागेवरच राहतो. त्याला एक ब्रॅकेट बोल्टने आवळायचा, त्यावर नवी दांडी बसवायची आणि तिच्यापासून बगलेतल्या लिव्हरांपर्यंत दोन आखूड सळया जोडायच्या. गिअरचा नकाशा तोच राहतो: डावीकडे पुढे रिव्हर्स, मागे पहिला, उजवीकडे पुढे दुसरा, मागे तिसरा. सळया आखूड झाल्याने अडकणे बहुधा थांबते. ट्रक मात्र जोरात पळू लागत नाही. त्या काळच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नसतो, म्हणून तो चालत्या गाडीत टाकला की पूर्वीइतकाच कर्कश ओरडतो. फरक एवढाच की आता आवाज मालकाच्या मांडीजवळून येतो.

फरशीला भोक पाडणे हा या प्रकरणाचा गाभा. गिअरबॉक्सवरचा पत्रा स्क्रूने बसवलेला असतो आणि तो काढता येतो. तो काढूनच माप घ्यावे. पुठ्ठ्याचा नमुना कापावा, दांडी चारही गिअरांत फिरवून बघावी, मगच पत्र्याला ड्रिल लावावे. वरून अंदाजाने ड्रिल मारणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की या ट्रकांत ब्रेकचा मास्टर सिलिंडर फरशीखालीच लटकलेला असतो. एक बारीक भोक चुकीच्या जागी पडले तर गिअर बदलेल, पण गाडी थांबणार नाही. भोक नेहमी लागते त्याहून लहान पडते आणि ते वाढवले की लागते त्याहून मोठे होते. वर रबरी बूट बसवतात. त्याच्या कडेने उन्हाळ्यात इंजिनाची धग आणि पावसाळ्यात रस्त्याचे पाणी, दोन्ही आत येतात.

त्यानंतर लक्षात येते की दुसऱ्या गिअरवरून मागे ओढलेली दांडी बाकड्याला आपटते. मग दांडी तापवून वाकवावी लागते. ती बाकड्याला चुकवते आणि डॅशबोर्डला लागते. दुसऱ्यांदा वाकवल्यावर ती सगळ्यांना चुकवते, फक्त मधल्या माणसाला चुकवत नाही. ज्याच्या गुडघ्यांसाठी 1948 साली एवढा खटाटोप झाला, तो या टप्प्यावर कायमचा मागच्या हौद्यात जातो.

ज्यांना किट हे तडजोडीचे काम वाटते ते गिअरबॉक्सच बदलतात. त्या ट्रकांसाठी शेव्हरोलेचाच चार गिअरचा एसएम 420 मिळे. त्याची दांडी थेट झाकणातून वर येते, सळयांची भानगडच नाही. त्याच्या पहिल्या गिअरचे प्रमाण 7.05 आहे. मागचे क्राउन-पिनियन 4.11 चे असेल आणि इंजिन मिनिटाला 500 फेऱ्यांवर घुटमळत असेल, तर ट्रक ताशी अडीच किलोमीटरच्याही आत सरकतो. शेजारून भाजीची पिशवी घेऊन चालणारी बाई पुढे निघून जाते. शेतात गवताच्या गासड्या भरताना हा गिअर अमृतासारखा असतो. सिग्नलवर त्याचा उपयोग फक्त मागच्या वाहनांची सहनशक्ती मोजायला होतो. म्हणून रिकाम्या ट्रकवाले दुसऱ्यावरच उठतात, आणि हातात पुन्हा तीनच गिअर उरतात.

हायवेची स्वप्ने पाहणारा पाच गिअरचा टी-5 शोधतो, बहुधा शेव्हरोलेच्याच एस-10 या धाकट्या पिकअपमधून काढलेला. तो बसवायला गेल्यावर कळते की 1954 पर्यंतच्या अर्ध्या टनी ट्रकांत मागचा शाफ्ट एका बंद नळीत असतो आणि नळीचे एक टोक गिअरबॉक्सला, दुसरे मागच्या ॲक्सलला जोडलेले असते. टी-5 ला उघडा शाफ्ट लागतो. म्हणजे नळी गेली. नळी गेली म्हणजे ॲक्सल गेला, ॲक्सल बदलला की ब्रेकचे पाइप आणि हँडब्रेकच्या केबली आल्या. नाल सापडली म्हणून घोडा घेतल्याची गोष्ट जुनी आहे. इथे घोड्यापाठोपाठ तबेलाही घ्यावा लागतो.

इतके झाल्यावर स्टेअरिंगच्या खांबावर दांडीचे रिकामे भोक राहते. ते झाकायला टोपी लागते. आतली कॉलर सैल सोडली तर खड्ड्यागणिक खुळखुळते, तेव्हा ती घट्ट बांधावी. पुढच्या काळातल्या ट्रकांत किल्लीचे कुलूपही त्याच खांबात आले, त्यामुळे तिथले काहीही उचकटण्याआधी किल्ली निघते का, स्टेअरिंग लॉक होते का, हे तपासावे.

चोरांच्या बाजूने पाहता हा बदल स्वागतार्ह आहे. खांबावरचा गिअर चालवता येणारे तरुण आता फार उरलेले नाहीत.

तेव्हा गिअर अडकत असेल तर आधी बुश बदलावेत, आणि त्यानंतरही हौस शिल्लक असेल तर किट घ्यावे. काढलेली दांडी, नळी आणि सळया भंगारात घालू नयेत. ट्रक कधीतरी विकला जातो आणि त्याला खरा जाणकार गिऱ्हाईक भेटतो. तो आत डोकावून पहिला प्रश्न विचारतो तो मूळचा खांबावरचा गिअर कुठे आहे हाच.