पायगुण

आचोळ्याच्या मिस्त्रींकडे ट्रॅक्टर नेला की ते आधी चालवणाऱ्याची चप्पल उलटी करून बघतात. फक्त डावी. तळ पुढून गुळगुळीत दिसला की नुसतं "हं" म्हणतात. या "हं"चा खर्च किती, ते दुपारशिवाय कळत नाही.

आचोळे म्हणजे नालासोपारा पूर्व. भाताची खाचरं इमारतींखाली गेली, 2009 साली महापालिका आली आणि इथले उरलेसुरले ट्रॅक्टर विटा-रेती ओढू लागले. मिस्त्री मात्र जागचे हलले नाहीत. आवणाच्या दिवसांत पारोळ-भाताण्याकडची गिऱ्हाइकं अजून त्यांनाच शोधत येतात.

आमचा महिंद्रा बी-275. अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरला हाताशी धरून महिंद्रांनी 1963 साली ट्रॅक्टरचा धंदा मांडला, तो याच मॉडेलवर. आमचा काही तेवढा जुना नाही, तरी मिस्त्री त्याला "बाबा" म्हणतात आणि माझ्या चुलतभावाला "कार्टं".

तक्रार अशी, की भरली ट्रॉली चढाला लागली की इंजिन नुसतं बोंबलायचं, चाकं ढिम्म. एका कारागिराने ऐकूनच निकाल दिला होता : प्लेट जळली, मधून सोडवा. ट्रॅक्टरला ट्रकसारखी चॅसी नसते. इंजिन आणि गिअरबॉक्स बोल्टांनी जखडलेले, तोच कणा. म्हणजे क्लच बघायचा तर बाबाचे कमरेतून दोन तुकडे. भाऊ नवी प्लेट फडक्यात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊनच आला होता.

मिस्त्रींनी बाळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गिअरबॉक्सचं ऑइल दोन बोटांत चोळलं. "दुधाचा चहा झाला असता तर पाणी शिरलं म्हणायचं. चिखलणीत शिरतं. हे ठीक आहे." मग हातभर स्क्रूड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून डोळे मिटले. "न्यूट्रल. दाब. सोड. दाब." क्लच दाबल्यावर कण्हला तर रिलीज बेअरिंग. दाबल्यावर गप्प आणि सोडल्यावर घरघर, तर गिअरबॉक्सच्या तोंडचं बेअरिंग. नुसता वळणावर ओरडला तर डिफरन्शियल. एवढं माझ्या पदरात पडलं, तेही मी दोन कटिंग पाजले म्हणून.

"आता वरचा गिअर टाक. ब्रेक दाबून धर. क्लच सोड."

इंजिन बंद पडायला हवं होतं. ते मजेत चालू राहिलं.

"बघा, प्लेट जळलीय," भाऊ म्हणाला. आवाजात जरा आनंदच होता. प्लेट परत घेत नाहीत.

मिस्त्री उकिडवे बसले आणि त्यांनी क्लचचं पेडल तळहाताने दाबलं. "प्ले कुठंय?" सुरुवातीला इंचभर पेडल पोकळ जावं लागतं. आमचं पहिल्यापासूनच कडक. गिअर खरखरतात म्हणून भावाने रॉड आवळला होता, पुन्हा खरखरले, पुन्हा आवळला. बेअरिंग रात्रंदिवस फिंगरवर टेकलेलं, मग प्लेट घट्ट धरणार कशी?

"त्याला सुट्टीच नाही. वर हा पाय ठेवून बसतो!"

रॉड ढिला करायला दहा मिनिटं लागली. पुन्हा वरचा गिअर, ब्रेक, क्लच सोडला आणि इंजिनने धाडकन जीव टाकला. मिस्त्रींचा चेहरा उजळला. इंजिन बंद पडलं म्हणून खूश होणारा मेकॅनिक मी तरी दुसरा पाहिला नाही.

"ही प्लेट अजून एक आवण काढेल. कार्ट्याच्या पायगुणावर आहे."

किती द्यायचे विचारलं, तर त्यांनी भावाची डावी चप्पल उचलली. पेडलला दाते असतात. अनवाणी तळवा त्यावर कोण टेकून ठेवील? "पुढच्या पावसाळ्यात ने," म्हणाले आणि चप्पल भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. तिथे आधीच पाच लटकत होत्या. सगळ्या डाव्या.