वेल्डिंग मशीन (घरगुती)

घरात वेल्डिंग मशीन येण्याचे कारण बहुधा एकच असते : काम इतके किरकोळ, की त्यासाठी वेल्डिंगवाला येत नाही. गेटचा कोयंडा निखळलेला असतो, कपडे वाळत घालायच्या स्टँडचा एक पाय सुटलेला असतो, जिन्याच्या कठड्यातली एक सळई हाताने गोल फिरते. प्रत्येक काम दहा मिनिटांचे. पण दहा मिनिटांसाठी टेम्पोत मशीन चढवायचे, केबल सोडायची आणि पुन्हा गुंडाळायची, हे कोणत्याही मिस्त्रीला परवडत नाही. तो ‘नाही’ म्हणत नाही, ‘बघतो’ म्हणतो. सळई फिरत राहते. अशी चार कामे साठली की गृहस्थ हिशेब मांडतो आणि एखाद्या साध्या मोबाइलच्या किमतीत आपलेच मशीन येते, असा शोध त्याला लागतो. या हिशेबात ग्राइंडर, हेल्मेट, हातमोजे आणि शिकंजे धरलेले नसतात. ते पुढच्या काही महिन्यांत सुटे सुटे घरात येतात, म्हणजे बेरीज कोणाच्या लक्षात येत नाही.

बाजारात ढोबळमानाने तीन जाती दिसतात. पहिली रॉडची, म्हणजे आर्क वेल्डिंग. दुसरी वायरची, तिला वर्कशॉपमध्ये ‘सीओटू’ म्हणतात. तिसरी टिग, जिने हॉटेलातले स्टीलचे कठडे आरशागत जोडलेले असतात. टिगचे टाके पाहून गृहस्थाचा जीव तिच्यावर जडतो. पण तिला आरगॉनचा सिलिंडर लागतो, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात भरणीची तार, आणि पत्रा इतका स्वच्छ, की घरातले ताटही तितके घासले जात नाही. गंजलेल्या गेटपुढे टिग काही कामाची नाही.

सीओटू शिकायला सोपी. बटण दाबले की तार आपोआप पुढे येते, आणि पातळ पत्र्यावर तिच्यासारखे काम रॉडला जमत नाही. पण ती गॅसच्या आडोशाने जोडते, आणि घरगुती वेल्डिंग होते गच्चीवर किंवा अंगणात. तिथे वारा आला की गॅस उडून जातो आणि टाक्यात बुडबुड्यांची भोके राहतात. गॅस न लागणारी, पोटात फ्लक्स भरलेली तारही मिळते. ती वाऱ्याला भीत नाही, पण धूर भरपूर सोडते आणि ठिणग्यांचे खडे आजूबाजूला चिकटवते. शिवाय तारेचे रीळ वापरात नसले की गंजते, आणि घरगुती मशीन वर्षातले बहुतेक दिवस वापरात नसते. जुन्या गाडीच्या पत्र्याचे काम करायचे असेल तर सीओटूच घ्यावी. एरवी पहिले मशीन रॉडचे असावे.

रॉडचा जन्मच दुरुस्तीतून झाला आहे. स्वीडनचे ऑस्कर कियेलबर्ग जहाजांच्या बॉयलरची गळती बंद करण्याच्या खटपटीत होते. नुसत्या तारेने जोडलेला सांधा हवेमुळे ठिसूळ होतो, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी तारेला लेप दिला. लेप जळून गॅस होतो, तो वितळलेल्या धातूला हवेपासून झाकतो. उरलेल्या लेपाची वर काळी खपली धरते, ती थंड झाल्यावर हातोडीने ठोकून काढायची. १९०४ साली कियेलबर्ग यांनी स्थापन केलेली ‘एसाब’ कंपनी आजही रॉड विकते. सिलिंडर नाही, रीळ नाही, वाऱ्याची फिकीर नाही, थोडाफार गंजही चालतो : गेटला आणखी काय हवे?

रॉडच्या मशीनमध्येही दोन पिढ्या आहेत. जुनी ट्रान्सफॉर्मरची. तिच्या पोटात तांब्याचे वेटोळे असते (विकणारा ‘प्युअर कॉपर’ म्हणतो, उघडून पाहीपर्यंत ते ॲल्युमिनियमही असू शकते), वजन पन्नास किलोच्या पुढे, आणि ती सुरू झाली की शेजारच्या ट्यूबलाइटला कळते. बिघडायला तिच्यात फारसे काही नसते. नवी पिढी इन्व्हर्टरची. ती पाच-सात किलोची, खांद्याला पट्टा लावून गच्चीवर नेता येते आणि वीज बेताने खाते. तिचे वैरी तीन : ओल, पाल आणि ग्राइंडरची भुकटी. आतला पंखा हवेबरोबर लोखंडाचा चुराही ओढून घेतो, तो बोर्डावर बसतो आणि एके दिवशी मशीन ‘फट्’ म्हणून गप्प होते. म्हणून ग्राइंडर एका टोकाला आणि मशीन दुसऱ्या टोकाला ठेवावे. पाच-सहा महिन्यांनी प्लग काढून ब्लोअरने आतली धूळ उडवावी. घरातल्या कामाला इन्व्हर्टरच योग्य. ट्रान्सफॉर्मर घेणाऱ्याने ते एकदा जिथे ठेवले तिथेच कायम राहील, असे धरून जागा निवडावी.

आता आकडा. मशीनच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत २००, २५० किंवा ३०० छापलेले असते आणि नवा गिऱ्हाईक त्यालाच भुलतो. हा आकडा अँपिअरचा, आणि बऱ्याच स्वस्त मशीनमध्ये तो आशावादी असतो. खरा मजकूर मागच्या किंवा खालच्या पट्टीवर, भिंगाने वाचावा लागेल अशा टायपात असतो. तिथे टक्केवारी दिलेली असते, तिला ड्युटी सायकल म्हणतात. ‘२०० अँपिअर, ६० टक्के’ याचा अर्थ दर दहा मिनिटांत सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे आराम. गृहस्थाच्या बाबतीत हे प्रमाण उलट असते. त्याचा एक टाका अर्ध्या मिनिटात होतो आणि नंतरची दहा मिनिटे त्या टाक्याकडे पाहण्यात, खपली काढण्यात आणि कोणाला तरी बोलावून दाखवण्यात जातात. तेव्हा ड्युटी सायकलची चिंता फॅब्रिकेशनवाल्याने करावी. घरी मशीन तापून बंद पडण्याआधी माणूसच बंद पडतो.

चिंता करायची ती भिंतीतल्या वायरिंगची. २.५ मिलिमीटरचा रॉड ८० अँपिअरच्या आसपास जळतो. त्या वेळी ज्वालेवर सुमारे २३ व्होल्ट असतात, म्हणजे दोन हजार वॉटच्या आतले काम. मशीनची स्वतःची खावटी धरली तरी गीझरच्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर ते निभते. २०० अँपिअर ओढायचे ठरवले तर ज्वालेवरच साडेपाच हजार वॉट होतात आणि भिंतीतून तीस अँपिअरच्या घरात करंट लागतो. तो घरातल्या कोणत्याही सॉकेटला झेपत नाही. एमसीबी पडतो, आणि पडला नाही तर जास्त काळजीची गोष्ट. थोडक्यात, ३०० चे मशीन आणूनही घरात ते ८०-९० वरच चालणार. १६० किंवा २०० चे प्रामाणिक मशीन पुरते. टीव्हीच्या सहा अँपिअरच्या पॉइंटवर ॲडॉप्टर लावून मशीन चालवू नये. एक्स्टेंशन लागलेच तर ते जाड तारेचे घ्यावे आणि पूर्ण उलगडून ठेवावे. गुंडाळलेली केबल तापते. खेड्यात, जिथे संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली बसते, तिथे पट्टीवरची व्होल्टेजची मर्यादा अवश्य पाहावी. काही मशीन १६०-१७० व्होल्टला तग धरतात, काही २०० च्या खाली रॉड जाळेनाशी होतात.

पॅनेलवरच्या सोयींपैकी दोन कामाच्या. ‘हॉट स्टार्ट’ने आर्क पटकन धरतो, आणि ‘अँटी-स्टिक’ने चिकटलेला रॉड लाल होण्याआधी करंट तुटतो. दुसरी सोय नवशिक्याच्या अब्रूसाठीच केलेली आहे. रॉड काडेपेटीवर काडी ओढावी तसा ओढायचा असतो. पहिल्या दिवशी तो ओढला जात नाही, टेकवला जातो, आणि टेकवला की पत्र्याला जखडतो. मग होल्डर हलवून, पिळून, वाकवून रॉड सोडवण्याचा जो प्रकार होतो, तो पाहायला नेमकी त्या वेळी गल्लीतली माणसे थांबतात. डिजिटल डिस्प्ले, ब्लूटूथ, ‘स्मार्ट’ वगैरे शब्दांना पैसे मोजू नयेत. केबलची लांबी आणि जाडी मात्र पाहावी. मशीनबरोबर येणारी केबल इतकी आखूड असते, की काम मशीनजवळ आणावे लागते, आणि गेट जवळ येत नाही.

‘अर्थिंग’ म्हणून जो चिमटा येतो त्याचा घराच्या अर्थिंगशी संबंध नाही. करंटला परत यायची ती वाट आहे. ती कामाच्या अगदी जवळ, रंग खरवडून, चकाकत्या लोखंडाला लावायची. गेटच्या एका टोकाला चिमटा आणि दुसऱ्या टोकाला रॉड लावला तर मधला करंट बिजागरीतून किंवा बेअरिंगमधून वाट काढतो आणि तिथे खड्डे पाडतो. कोयंडा जोडला जातो, गेट कुरकुरायला लागते. दुचाकीवर काम करायचे असेल तर आधी बॅटरीचे टर्मिनल काढावे.

रॉडच्या पुडक्यावर ६०१३ लिहिलेले असावे. पहिले ६० हे जोडाची ताकद दर चौरस इंचाला साठ हजार पौंड असल्याचे सांगतात, पुढचा १ म्हणजे आडवे, उभे, डोक्यावर कसेही चालते, आणि शेवटचा ३ लेपाची जात. दुकानदार ७०१८ दाखवून ‘हा जास्त स्ट्राँग’ म्हणेल. म्हणणे खरे आहे, पण तो रॉड ओल धरतो, त्याला भट्टीत शेकून कोरडा ठेवावा लागतो, आणि कपड्यांच्या स्टँडला पुलाची ताकद लागत नाही. जाडी २.५ ची घ्यावी. ३.१५ चा रॉड अँगल आणि चॅनेलसाठी. घरातली चौकोनी पाइप त्याने जोडायला गेले तर आरपार भोक पडते. घरातल्या बहुतेक पाइपा १६ किंवा १८ गेजच्या, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून पातळ. भोक पडले की ते बुजवायला जावे आणि ते मोठे व्हावे, असा क्रम आहे. उपाय एवढाच : करंट कमी करावा, लांब ओळ ओढू नये, टिपके टिपके देत जावे, मध्ये थंड होऊ द्यावे. रॉड पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, डब्यात बंद ठेवावेत. ओला रॉड फुसफुसतो आणि दोष मशीनला लागतो.

मशीनपेक्षा हेल्मेटवर जास्त विचार करावा, हे मत कोणत्याही दुकानदाराला आवडत नाही. रस्त्यावरचा मिस्त्री डोळे मिटून, मान वळवून टाका मारतो ते कौशल्य नाही, नाइलाज आहे. ज्वालेतल्या अतिनील किरणांनी बुबुळ भाजते. तेव्हा काहीच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यागत होते. त्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवण्याची चाल सर्वत्र आहे. बटाटा थंड असतो, एवढाच त्याचा गुण; डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. साधा काळा गॉगल चालत नाही. आपोआप काळी होणारी काच असलेले हेल्मेट घ्यावे. ती सेकंदाच्या काही हजारांश भागापेक्षाही लवकर काळी होते, आणि तिची छटा ९ ते १३ बदलता येते; घरातल्या रॉडला १० पुरते. हातमोजे चामड्याचे, शर्ट सुती आणि पूर्ण बाह्यांचा असावा. टेरिकॉटवर ठिणगी पडली की ती खाली उतरत नाही, तिथेच राहते. कुत्रे, मुले आणि सूचना देणारे शेजारी यांना लांब ठेवावे. पहिले दोन ऐकतात.

काय जोडू नये, हेही ठरलेले आहे. पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी नाही, कारण आतली वाफ रिकामी झालेली नसते. गॅस सिलिंडर, बंद पिंप, प्रेशर कुकर, कॉम्प्रेसरची टाकी नाही. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो; जस्त ९०७ अंशांना उकळते आणि लोखंड वितळायला दीड हजारांच्या आसपास लागते, तेव्हा लोखंड जुळेपर्यंत जस्ताचा पांढरा धूर झालेला असतो. तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. त्यावर दूध प्यावे असे सांगतात; पण दूध पोटात जाते आणि धूर फुप्फुसात. थर घासून काढावा आणि मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ न करता, बाजूने उभे राहून काम करावे. बिडाची शेगडी किंवा जुनी शिवणयंत्राची चौकट टाका बसल्यावर थंड होताना ‘टिंग’ आवाज करून शेजारीच तडकते. त्याला निकेलचा रॉड आणि शेकण्याची माहिती लागते.

खरेदी समोरासमोर करावी. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, कोल्हापुरात उद्यमनगर. इतर गावांत एमआयडीसीच्या फाट्यावर एखादे दुकान असतेच. दुकानात आर्क पेटवून पाहायला सांगावे आणि सलग तीन रॉड जाळावेत. दुरुस्ती गावातच होते की मशीन कुरिअरने परगावी जाते, हे विचारावे. स्वस्त मशीनचा बोर्ड गेला की बहुतेक वेळा नवा बोर्ड मिळत नाही, नवे मशीन मिळते. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्यावा. भंगारवाल्याकडून पट्टीचे तुकडे किलोवर आणावेत आणि पहिले पुडके त्यांच्यावरच संपवावे. पट्टी एका बाजूने जोडली की थंड होताना त्या बाजूला ओढली जाते आणि काटकोन बिघडतो, हे गुण्या लावून पाहावे. आधी चारी कोपऱ्यांना टाके, मग आलटून पालटून भरणी. त्यानंतर कुंड्यांचा स्टँड, मग कपड्यांचा. गेट शेवटी, कारण ते रस्त्यावरून दिसते. बसायचे स्टूल लवकर करायला घेऊ नये. केलेच, तर त्यावर पहिल्यांदा जोडणाऱ्यानेच बसावे, आणि चहाचा कप हातात नसताना.