सेल उतरला असंल!

गळ्यात पेन ड्राइव्हची माळ घालून फिरणारा, कुणी न बोलावता लॅपटॉप उघडून बसणारा भाऊ तुमच्याही गावात असेलच. म्हणून ओळख करून देत नाही; देवगाव रंगारीतल्या आमच्या भाऊचं निदान तेवढं सांगतो. विंडोज टाकून झालं, मशीन पुन्हा चालू केलं आणि काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ उमटलं, की भाऊ खुर्ची मागं सरकवून म्हणतो, “सेल उतरला असंल.”

सेल म्हणजे मदरबोर्डवरचा सीआर २०३२. ३ व्होल्टचा, साधारण नव्या रुपयाएवढा. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं आणि जुन्या बोर्डांवर बायोसची सेटिंग सांभाळायची, एवढंच त्याचं काम. नव्यानं टाकलेलं विंडोज उठेना, यात त्या बिचाऱ्याचा दोष क्वचितच. पण भाऊला सांगणार कोण?

बाजारपेठेतल्या एका दुकानदारानं नवी एसएसडी आणली. भाऊनं जुनी हार्ड डिस्क जोडलेलीच ठेवून नवीवर विंडोज टाकलं. विंडोजनं बूटच्या फाइली गुपचूप जुन्या डिस्कवर ठेवल्या. ती डिस्क ‘जपून ठेवतो’ म्हणत भाऊ घरी घेऊन गेला, आणि सकाळी मशीन ढिम्म. सेल बदलला, ढिम्म. दुसऱ्या कंपनीचा टाकला, तरी ढिम्म. शेवटी वैतागून जुनी डिस्क परत जोडली, तर मशीन सुरू! भाऊ शांतपणे म्हणाला, “नव्या सेलला धरायला येळ लागतो.”

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि भाऊची उसंतही संपली. एका गुरुजींच्या जुन्या लॅपटॉपला विंडोज ११ पेलेना, म्हणून यानं लिनक्स चढवलं. बूटलोडर बसला पेन ड्राइव्हवर! तो उपसला की लॅपटॉप बेशुद्ध. आता तो चिकटपट्टी लावून कायमचा खोचलेला असतो. “ह्याचा सेल बाहेरून दिलाय,” असं भाऊ कौतुकानं सांगतो. गावालाही चटक लागली आहे. मृग कोरडा गेला तरी पारावर कुणीतरी म्हणतंच, “सेल उतरला असंल.”

एकदा मात्र सेल खरोखर उतरला. २०२३ चा खरीप, पीकविमा एक रुपयात, केंद्रावर ही रांग. त्यात वीज गेली आणि आल्यावर मशीन उठेना. भाऊनं निदान सांगताच अख्खी रांग हसली. त्यानं बायोस उघडून तारीख दाखवली : १ जानेवारी २०१२. सेल मेल्यानं सेटिंग पुसली गेली होती. विंडोज लेगसी पद्धतीचं आणि बोर्ड यूईएफआयवर गेलेलं. भाऊनं लेगसी निवडलं आणि रात्रभर शेजारी बसून राहिला. पैसे त्यानं तेव्हाही घेतले नाहीत.

आणखी एक सांगायला हवं. कॉपी घेतल्याशिवाय तो फॉरमॅट मारत नाही. त्याच्या घरच्या डिस्कवर निम्म्या गावाचे फोटो आहेत. कुणी गेलं, की श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी घरचे आधी भाऊकडं येतात. पुष्कळ म्हाताऱ्यांचा धड फोटो असा कुठल्यातरी फॉर्मसाठी काढलेला तेवढाच असतो. भाऊ तो शोधून देतो, आणि त्या वेळी सेलचं नाव काढत नाही.

तेव्हा भाऊला खुशाल बोलवा. फक्त विंडोज टाकायच्या आधी जुनी डिस्क काढायला लावा, आणि तो निघण्यापूर्वी मशीन त्याच्यासमोर एकदा बंद करून पुन्हा चालू करा.