एकोणीसची गोटी

पिंपरी-चिंचवडमधल्या एखाद्या जुन्या सोसायटीत रविवारी सकाळी पार्किंगमधून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, की समजावं, पानेकाका कामाला लागले. प्रत्येक सोसायटीचे पानेकाका वेगळे. पण सगळे निवृत्त, सगळे टूलरूममधले, आणि सगळ्यांच्या पँटच्या उजव्या गुडघ्यावर ग्रीसचा तोच डाग. टेल्कोत नाहीतर बजाजमध्ये तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर भजनी मंडळात जाऊन बसणं जमत नाही. टाळाचा आवाज ऐकला तरी त्याला वाटतं, कुठलं तरी बेअरिंग गेलंय.

गॅरेजला गाडी देणं हा पानेकाकांच्या लेखी चारित्र्याचा प्रश्न आहे. "तिथली पोरं गन लावतात," असं ते म्हणतात, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटावं की दरोड्याची बातमी सांगतायत. गन म्हणजे हवेवर चालणारा पाना. घर्रर्र केलं की बोल्ट बाहेर. यात वाईट काय, असं चुकूनही विचारू नये. "अहो, त्यांच्या हाताला काही कळतं का? बोल्ट सुटताना बोलतो. ऐकायला नको?"

आमच्या काकांची गाडी २००१ सालची होंडा सिटी. १९९८ मध्ये ही गाडी आपल्याकडे पहिल्यांदा आली, त्या पिढीतली. पंधरा वर्षं उलटल्यावर दर पाच वर्षांनी तिचं पासिंग पुन्हा करून घ्यावं लागतं; काका ते पोरीच्या परीक्षेला निघाल्यासारखं करून घेतात. या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो, म्हणजे खालच्या क्रँकशाफ्टची आणि वरच्या कॅमशाफ्टची गती जुळवून धरणारा दातेरी रबरी पट्टा. चालत्या गाडीत तो तुटला, तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतात आणि खर्चाचा आकडा ऐकून मालक खाली बसतो. म्हणून तो वेळेत बदलायचा. बेल्टपर्यंत पोचायला खालचं कव्हर काढायचं, कव्हरच्या आड येते ती पुली, आणि पुलीच्या मधोमध तो बोल्ट. डोकं एकोणीस नंबरचं. चाकाचा नट शंभर-एकशेदहा न्यूटन-मीटरला आवळतात. या बोल्टाला या घराण्यातल्या इंजिनांवर १६५ ते १८० सांगितलेले असतात. कागदावर एवढंच.

कामाची सुरुवात शास्त्रोक्त. डावं पुढचं चाक काढायचं, गोटी सहा कोनीच घ्यायची. बारा कोनी गोटी घसरते आणि बोल्टाचं डोकं गोल करून ठेवते, हे पानेकाका शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोराला दर वेळी नव्याने सांगतात. पोराचा विषय कॉम्प्युटर आहे, याची त्यांना फिकीर नाही. मग लांब एक्स्टेन्शन, त्याखाली स्टँडचा टेकू, बाहेर दांडा, आणि दांड्यावर सरकवलेला वीतभर कमी चार फुटी जलवाहिनीचा पाईप. "लांबी गुणिले जोर," काका बोट वर करून म्हणतात. "सत्तर किलोचा माणूस एका मीटरवर उभा राहिला, की झाले पावणेसातशे न्यूटन-मीटर. बोल्टाचा बाप सुटेल."

काकांचं स्वतःचं वजन छप्पन्न किलो. त्यामुळे वॉचमनला बोलावणं जातं.

इकडे इंजिन फिरू नये म्हणून गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकायची आणि कुणीतरी ब्रेक दाबून बसायचं. पहिल्यात का नाही? कारण पाचव्यात इंजिनाला चाकांवर सर्वांत कमी जोर चालवता येतो, म्हणून चाकं त्याला सहज अडवून धरतात. हा खुलासा काका खिडकीतून काकूंना करतात. काकूंना तो पाठ आहे. त्या ब्रेकवर पाय ठेवून मांडीवरच्या ताटात मेथी निवडत असतात. आमच्या सोसायटीत निवडलेली मेथी आणि बदललेले पार्ट यांचा थेट संबंध आहे.

वॉचमन पाईपवर भार टाकतो. पाईप सावकाश खाली जातो. "सुटला!" सगळे ओरडतात. पाईप सोडल्याबरोबर तो जिथून निघाला तिथे परत येतो. बोल्ट जागचा हललेला नसतो. एक्स्टेन्शनने पीळ खाल्लेला असतो, इंजिनाची रबरं दबलेली असतात, टायर कलंडलेला असतो. बोल्ट सोडून सगळी गाडी थोडी थोडी सुटलेली असते.

आतापर्यंत सल्लागार जमलेले असतात. त्यांच्याशिवाय पानेकाका अपुरे. तळमजल्यावरचे बँकवाले रॉकेल सोडायला सांगतात. दुसरा कुणी निळा-पिवळा फवाऱ्याचा डबा घेऊन येतो आणि काका त्याच्याकडे दयेने बघतात. "हे पाणी हटवायचं औषध आहे. १९५३ साली अमेरिकेत रॉकेटच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून काढलं. चाळिसाव्या खेपेला जमलं, म्हणून नावात चाळीस. बिजागरीला मारा." मग ते स्वतःचं मिश्रण काढतात, स्टिअरिंगचं तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं. ॲसिटोन सुनेच्या नेलपेंटच्या सामानातून आलेलं असतं. खरं म्हणजे हा बोल्ट गंजापेक्षा ताणाने धरून बसलेला असतो, त्यामुळे तेल कुठलंही घाला, फरक फरशीला पडतो. पण हे बोलून दाखवणारा माणूस सोसायटीत राहू शकत नाही.

त्यानंतर कुणीतरी मागून हळूच म्हणतं, "आटे उलटे तर नसतील?"

सगळं थांबतं. वॉचमन पाईपवरून पाय काढतो. गेला तासभर आपण बोल्ट सोडवत होतो की आवळत होतो, हा विचार प्रत्येकाच्या तोंडावर दिसतो. काका चष्मा कपाळावर चढवतात, मॅन्युअलची झेरॉक्स काढतात आणि निकाल देतात: आटे सुलटेच. प्रश्न विचारणारा तोवर दूध आणायला गेलेला असतो.

पण पानेकाकांचा खरा क्षण पहिल्या मजल्यावरच्या तरुणामुळे येतो. त्याने कुठेतरी युक्ती पाहिलेली असते: दांडा जमिनीला अडकवा, स्पार्कचं कनेक्शन काढा आणि नुसता स्टार्टर मारा, इंजिन फिरेल, दांडा अडेल, बोल्ट आपोआप सुटेल. युक्ती खरी आहे, कित्येक गाड्यांवर चालते. काका लगेच उत्तर देत नाहीत. कापडाला हात पुसतात. "बाळा, ही कुठली गाडी?" "होंडा." "हिचं इंजिन कुठल्या बाजूने फिरतं?" पुलीच्या बाजूने पाहिलं तर बहुतेक गाड्यांची इंजिनं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, होंडाची ही जुनी इंजिनं उलटी. इथे स्टार्टर मारला, तर बोल्ट सुटायचं सोडून आणखी आवळेल. तरुण गप्प. काका एवढे खूश, की त्या रविवारी बोल्ट सुटला नाही तरी त्यांना चालणार असतं. माझा तर संशय आहे, या जातीच्या माणसाला बोल्ट निघायला नकोच असतो. निघाला की उरतं ते काम, आणि काम कुणालाही येतं.

मधला आठवडा जुन्या बाजारात. बुधवारी. होंडाच्या या पुलीत मध्ये सहा कोनी खाच असते, पन्नास मिलिमीटरची. तिच्यात बसणारं हत्यार कंपनीने केलेलं आहे आणि ते विकत मिळतं. विकत घेणं म्हणजे पुन्हा चारित्र्याचा प्रश्न. काकांना माहीत असतं की तेहतीस मिलिमीटर आट्याच्या नटाची रुंदी बरोब्बर पन्नास भरते. असा नट ते भंगाराच्या ढिगातून व्हर्निअर लावून हुडकून काढतात, भोसरीच्या एका फॅब्रिकेटरकडून त्याला लोखंडी पट्टी वेल्ड करून घेतात, नटाच्या भोकातून एकोणीसची गोटी जाते का ते तिथेच तपासतात. बनवण्याचा खर्च विकतच्यापेक्षा जास्त येतो. तो आकडा काकूंना सांगितला जात नाही. मला मात्र हे मान्यच केलं पाहिजे, की वस्तू सुरेख झाली होती. वेल्डची माळ एकसारखी, कडा कानस मारून गोलावलेल्या, वर तांबड्या ऑक्साइडचा हात.

पुढच्या रविवारी पट्टी जमिनीला टेकते, पुली अडते, काकू मेथीसकट मोकळ्या होतात. काका वॉचमनला बाजूला सारून स्वतः पाईप धरतात. टण्ण असा आवाज येतो. बँकवाले दचकून मागे होतात, त्यांना वाटतं काहीतरी तुटलं. काका तसेच वाकून, डोळे मिटून. "बोलला," ते म्हणतात.

बोल्ट हातोहात फिरतो. सगळे तो बघतात, वजन करून बघतात, परत देतात. "कुणी एवढा आवळला होता हो?" बँकवाले विचारतात.

याचं उत्तर गाडीतून उतरलेल्या काकू देतात. मागचा बेल्ट यांनीच बदलला होता. घरी टॉर्क रेंच आहे, मुलाने वाढदिवसाला दिलेला, अजून पेटीत, सिलिकाच्या पुडीसकट. ठरावीक आकड्याला खट् वाजतो आणि सांगतो, पुरे. "पण यांना कुणी पुरे म्हटलेलं चालत नाही," काकू म्हणतात आणि ताट घेऊन जिन्याकडे वळतात.

काकांच्या कानावर हे पडत नाही, किंवा पडतं. नवा बेल्ट खुणेला खूण जुळवून चढतो, कव्हर बसतं, पुली बसते, बोल्ट जागेवर जातो. रेंच आणू का, असं पोरगा विचारतो. "हाताला कळतं," म्हणून काका पाईप सरकवतात. वॉचमनला हाक मारतात. वॉचमन पाईपवर चढतो. "अजून थोडा," काका म्हणतात. "सैल राहायला नको."

हत्यारं पुसून पेटीत जातात. काका उठतात, कंबर सरळ करतात आणि शेजारी लावलेल्या बँकवाल्यांच्या नव्या कोऱ्या गाडीच्या डाव्या चाकाच्या आत वाकून पाहतात. "हिला चेन असेल, नाही?" ते म्हणतात. "चेनवाल्यांचा हा बोल्ट किती घट्ट असतो, बघितलंच नाही कधी."

सोमवारपासून बँकवाले गाडी बी विंगच्या मागे लावतात.