धुराचे दर्दी

तंबाखूच्या चवीवर गांभीर्यानं लिहिणारे लोक तंबाखू सोडून बाकी सगळ्या वस्तूंची नावं घेतात. जुनं चामडं, ओलं लाकूड, सुकं अंजीर, चर्चमधला धूप, विझत आलेली शेकोटी. पाइपच्या तंबाखूत ज्याला बाल्कन पद्धतीचं मिश्रण म्हणतात, त्याच्या वाट्याला ही नावं जरा जास्तच येतात. एवढे पैसे मोजून आणलेल्या तंबाखूला तंबाखूचा वास येतो, असं जर कोणी म्हणालं, तर दर्दी मंडळी त्याच्याकडे कीव आल्यासारखी बघतात.

असा एक डबा आमच्या वाशीमच्या घरात आला त्याला कारण माझा पुतण्या. तो लंडनला असतो आणि लिहिणाऱ्या माणसाच्या तोंडात पाइप असतोच, असं त्याच्या डोक्यात कुठल्यातरी जुन्या छायाचित्रांवरून बसलेलं आहे. काकांचे चार लेख दिवाळी अंकांत आले, तेव्हा आता काकांना पाइप लागणार, हा त्याचा हिशोब. पाइप मात्र त्यानं आणला नाही. तो म्हणे ज्यानं त्यानं आपल्या हाताच्या मापानं निवडायचा असतो. मी जन्मात पाइप ओढलेला नाही, आणि माझे डॉक्टर मला सुपारीचं खांडसुद्धा चघळू देत नाहीत. तेव्हा ओढायचा प्रश्नच नव्हता. पण झाकण उघडून वास घ्यायला कुठल्याही डॉक्टरनं अजून मनाई केलेली नाही, आणि पाइपवाल्यांचंही म्हणणं असं की अर्धी मजा डब्यातच असते.

डब्यात असतं तरी काय? तीन तऱ्हेची पानं. एक व्हर्जिनिया, म्हणजे धूर न लागू देता नुसत्या गरम हवेवर वाळवलेलं पिवळंधमक पान; त्यात साखर असते, गोडवा त्याचा. दुसरं ओरिएंटल, तळहातापेक्षाही लहान, उन्हात वाळवलेलं, तुर्कस्तानातल्या सामसून-इझमीरकडचं किंवा ग्रीसमधल्या झांथीच्या खडकाळ जमिनीतलं. जमीन जितकी दरिद्री तितकं पान सुवासिक, असं तिकडे मानतात. (हे ऐकून आमच्या मानोऱ्याकडच्या बरड वावरांच्या मालकांनी हुरळून जाऊ नये.) आणि तिसरं लताकिया. हे नाव सीरियातल्या बंदराचं. आता मात्र बहुतेक माल सायप्रसमधून येतो. हे पान आधी उन्हात वाळवतात, मग बंद कोठारात टांगून खाली सरू, पाइन, मर्टल, मस्तकी अशा झाडाझुडपांचा ओला-सुका धूर त्याला कित्येक आठवडे देतात. पान काळं ठिक्कर पडतं. मिश्रणात ओरिएंटल पुढे असलं की त्याला बाल्कन म्हणायचं, नुसतं लताकिया पुढे असलं की इंग्लिश म्हणायचं, असं काही जण सांगतात. बाकीचे त्यांच्याशी भांडतात. या सगळ्या भांडणाचं माहेर बाल्कन प्रदेशात नसून लंडनमध्ये आहे. सोब्रानी नावाची पेढी तिथे 1879 साली निघाली आणि तिच्या बाल्कन मिश्रणानं हे नाव जगभर केलं.

इतकी माहिती पुतण्यानं फोनवर दिली. ती देताना त्याचा आवाज वऱ्हाडी राहिला नव्हता.

झाकण उघडलं ते ओसरीवर, चार माणसं बसलेली असताना. शेजारचे आबाजी, ज्यांनी भर उमेदीत चिलीम ओढली आणि म्हातारपणी सुनेच्या धाकानं सोडली, त्यांनी डबा नाकाशी नेला, डोळे मिटले आणि विचारलं, “कोनाच्या वावरातून आनलं हे? हा त आगटीचा वास होय ना भाऊ! कनसं भाजून झाली, हुरडा खाऊन समदे उठले, अन् राखंत दोन कनसं तशीच राह्यली, असा.” निवृत्त गुरुजींना मोट आठवली. विहिरीवरची चामड्याची मोट दिवसभर भिजून संध्याकाळी उलटी टांगली की जो वास सुटायचा, तो. पलीकडच्या काकू पदर सावरत म्हणाल्या, मंगरूळपीरच्या दर्ग्यात गुरुवारी लोभान असतो तसंच काहीसं आहे, पण त्यात कोणीतरी गुळाचा खडा टाकलाय. गुळाचा खडा म्हणजे व्हर्जिनिया. काकूंनी ते नाव आयुष्यात ऐकलेलं नव्हतं.

चर्चचं नाव कोणी घेतलं नाही. आमच्यापैकी कोणी चर्चमधला धूप हुंगलेलाच नाही. सायप्रसचं सरू, तिथली मस्तकी आम्ही पाहिलेली नाही. डबा लंडनचा, पानं तीन देशांची, आणि त्यातून निघालं काय, तर ज्वारीची आगटी, विहिरीवरची मोट आणि गुरुवारचा दर्गा. इंग्रज ज्याला चर्च म्हणतो तेच काकूंना मंगरूळपीर वाटलं, आणि दोघांनीही खोटं सांगितलेलं नाही. नाक परदेशी माल घेतं, पण पावती आपल्याच गावच्या नावानं फाडतं. मला तर वाटतं, या डब्यात बाल्कन असं काही नसतंच. ज्याच्या ओसरीवर तो उघडेल तिथलं गाव त्यात असतं.

आबाजींनी मग चिलमीवर जे सांगितलं, ते ऐकून पुतण्याच्या पाइपवाल्यांनी वही काढली असती. पाइप भरायचे तिकडे तीन हात सांगतात: पहिली चिमूट लेकराच्या हातानं, म्हणजे सैल, दुसरी बाईच्या हातानं, जरा दाबून, तिसरी गड्याच्या हातानं, घट्ट. आबाजी म्हणाले, चिलमीला एवढं घर भरून बोलवावं लागत नाही, पण खडा जमला पाहिजे. कुंभाराची चिलीम सरळ नळीची; आत एक खडा टाकतात, तो तंबाखू तोंडात येऊ देत नाही. खडा मोठा झाला तर दम कोंडतो, लहान झाला तर ठसका. खाली ओल्या फडक्याची छापी. धूर त्यातून थंड होऊन येतो. मग वर विस्तव. आणि चिलीम ओठाला लावायची नसते, मुठीच्या पोकळीतून ओढायची, म्हणजे गावभर फिरली तरी कोणाचं उष्टं होत नाही. शेवटचा मुद्दा पुतण्याच्या लंडनमध्ये अजून पोचलेला नाही. तिथे ज्याचा पाइप त्यानंच ओढायचा.

पाइपवाल्यांची खरी दुखरी नस विस्तव ही आहे. पाइप सारखा विझतो. पाइप ओढणाऱ्याची अर्धी हयात काड्या ओढण्यात जाते. त्यांच्यात सावकाश ओढायच्या स्पर्धा भरतात: प्रत्येकाला 3 ग्रॅम तंबाखू आणि फक्त 2 काड्या, आणि ज्याचा पाइप सगळ्यांत शेवटी विझेल तो जिंकला. हे मी ओसरीवर सांगितलं तेव्हा सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली, आणि ती बोलून दाखवायची गरजही पडली नाही. वाशीमहून शेगावची पायवारी करणाऱ्यांना ती तोंडपाठ असते. 1878 साली शेगावला प्रकटलेल्या गजानन महाराजांना अक्षय्य तृतीयेच्या दिवशी चिलमीला विस्तव हवा होता. मुलं जानकीराम सोनाराकडे गेली. सणाच्या दिवशी विस्तव देणं त्याला अशुभ वाटलं, त्यानं नाही म्हटलं. महाराजांनी आपला भक्त बंकटलाल याला चिलमीवर नुसती काडी धरायला सांगितली आणि चिलीम पेटली. पुढे सोनाराच्या चिंचवण्याचं काय झालं, ते दासगणूंच्या पोथीत आहेच. स्पर्धेच्या परीक्षकांनी यावर काय निकाल दिला असता, हा विचार मी मनातच ठेवला. भाविक घर आहे.

आता कोणी म्हणेल, तंबाखूचे एवढे बारकावे आपल्याला कसे माहीत, ती तर परकी वनस्पती. परकी खरी. ज्ञानेश्वरांनी पाहिली नाही, चक्रधरांनी पाहिली नाही. पोर्तुगीजांबरोबर ती आली आणि दक्षिणेत रुजली. उत्तरेकडे ती दक्षिणेतूनच गेली. असद बेग नावाचा मोगलांचा वकील विजापूरला आला होता, त्यानं तिथून तंबाखू आणि रत्नं जडवलेला हुक्का नेऊन अकबरापुढे ठेवला. हे 1604-05 च्या सुमाराचं. बादशहानं दोन-चार झुरके घेतले, हकिमानं डोळे वटारले. 1617 साली जहांगीरनं बंदी घातली. बंदी आणि तंबाखू तेव्हापासून आपल्याकडे सोबतच नांदत आहेत.

धूर ओढणं मात्र त्याहून कितीतरी जुनं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात धूमपानाचा सगळा विधी आहे: सुगंधी द्रव्यं वाटून त्यांची वर्ती करायची, नळीत घालून ओढायची. नळी कशी असावी, किती लांब असावी, हेही दिलेलं आहे. दिवसातले आठ काळ सांगितले आहेत, अंघोळीनंतर, जेवणानंतर, शिंकेनंतर, झोपून उठल्यावर वगैरे. त्यात अगरू आहे, चंदन आहे, गुग्गुळ आहे; तंबाखू अर्थातच नाही. मी हे डॉक्टरांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, चरकांनी तुमचा ईसीजी पाहिला नव्हता.

डॉक्टरांचं खरं आहे आणि ते खरं आहे हे आमच्या गावातल्या कुठल्याही पानठेल्यावर दिसतं. वऱ्हाडात आजचा तंबाखू चिलमीत नाही, खऱ्र्यात आहे. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घेऊन ठेलेवाला घोटत बसतो. त्यालाही दर्दी आहेत. अमक्याच्या घोटण्याला हात आहे, तमक्याचा चुना चढतो, अशी चर्चा मी बसस्टँडवर अत्यंत गंभीर चेहऱ्यांनी चाललेली ऐकली आहे. लंडनवाल्यांच्या टिपणांपेक्षा ती एक इंचही कमी सूक्ष्म नसते. 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, खर्राही बंदीतलाच. पण पन्नी घोटली जातेच, आणि तिशीतल्या पोरांचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडेनासं होतं. या रसिकतेबद्दल मला विनोद सुचत नाही. पुढे जातो.

आमचं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराच्या काव्यमीमांसेत काव्यपुरुष रुसून देशोदेशी हिंडतो, साहित्यविद्या त्याच्या मागोमाग जाते, आणि शेवटी त्यांचं लग्न लागतं ते वत्सगुल्मात. म्हणजे रसिकता ही आमच्या गावची सून आहे. बसस्टँडवर उतरल्यावर हे पटकन लक्षात येत नाही, एवढंच. इथल्या शाखेचा पहिला राजा सर्वसेन स्वतः कवी होता. त्यानं हरिविजय नावाचं प्राकृत काव्य लिहिलं. ते काव्य हरवलं. आनंदवर्धनानं त्याची वाखाणणी केली, इतरांनी त्यातले तुकडे उद्धृत केले, तेवढंच आपल्यापर्यंत आलं. म्हणजे आमच्या राजाचं काव्य आम्हाला कळतं ते दुसऱ्या दर्द्यांनी घेतलेल्या आस्वादावरूनच. मूळ डबा कोणी उघडून पाहिलेला नाही. हाच आनंदवर्धन ध्वनीचा सिद्धांत मांडणारा. काव्याचा जीव शब्दांनी सांगितलेल्या अर्थात नसतो, शब्दांतून जे सुचतं त्यात असतो, आणि ते सहृदयालाच सुचतं. चामडं न घालता चामडं सुचवणारा तंबाखू त्याच्या हाती पडला असता, तर ध्वन्यालोकात एखादं उदाहरण वाढलं असतं. काव्यशास्त्राचे प्राध्यापक या वाक्याला माफ करणार नाहीत, करू नयेच.

डब्याचं पुढे असं झालं की ओसरीवर येणारा प्रत्येक जण “तो उघडा ना जरा” म्हणू लागला. हवा लागली की पान वाळतं आणि वास उडतो, म्हणून मी कुणालाही दोन-दोन श्वासांच्या वर देत नसे. आबाजींना तीन, जुने म्हणून. शिक्षणासाठी पुण्याला असलेली नात सुट्टीत आली, तिनं हुंगून सांगितलं, बार्बेक्यू. गुरुजींनी मान वळवली. मला मात्र तिचं उत्तर आवडलं. तिच्या वाट्याला आगटी आलीच नाही, तर तिनं ती आणावी कुठून? एकदा एका ओळखीच्या सिगारेटवाल्यानं पान कागदात वळून ओढून पाहिलं. तो म्हणाला, धुरात निम्मंही नाही जे डब्यात आहे. हा एकमेव प्रात्यक्षिक पुरावा, आणि तो माझ्या बाजूचा.

शेवटी घरात डब्याला कपाटात जागा मिळाली, लोकरीच्या कपड्यांत. तंबाखूनं कसर लागत नाही, हे सासूबाईंच्या काळापासूनचं घरगुती ज्ञान, आणि बायकोच्या मते एवढ्या महागाच्या वस्तूचा घरात काहीतरी उपयोग झाला पाहिजे. डांबराच्या गोळ्या निघाल्या, डबा आला, झाकणाला खिळ्यानं भोकं पडली. हे पुतण्याला अजून कळवलेलं नाही.

पौषात थंडी पडली तशी मी तपासणीला जाताना शाल पांघरून गेलो. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि ते वाकले तसे तिथेच थबकले. दोनदा नाक ओढलं. मी चरकांच्या आठ काळांची मनातल्या मनात उजळणी करू लागलो.

“कुठे झाला हुरडा?” डॉक्टर म्हणाले. “आणि आम्हाला निरोप नाही?”