तळमजल्यावर दुपारी बारा वाजता

गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये खालच्या मजल्यांवर भरदुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. तळ अधिक सात मजल्यांच्या ५९ इमारती, आणि दोन इमारतींमध्ये जेमतेम ३ मीटर. त्या फटीत वरून कचरा पडतो, म्हणून खालचे लोक खिडकीही उघडत नाहीत. रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत ज्यांच्या झोपड्या तुटल्या, त्यांना आपण आणून ठेवलं ते इथे.

'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे संशोधक यांनी नटवर पारेख, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन वसाहतींतली चार हजारांवर घरं पाहिली, उजेड-वाऱ्याचा हिशेब संगणकावर मांडला. २०१८ मध्ये निष्कर्ष बाहेर आले. पहिल्या दोन वसाहतींत साधारण दहा घरांमागे एका घरात टीबी. इमारती सुट्या सुट्या असलेल्या पीएमजीत शंभरामागे एका घरात. वॉर्ड तोच, एम-पूर्व.

आणि हे ज्ञान मुंबईला नवं नाही! प्लेगनंतर १८९८ मध्ये उभ्या राहिलेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टमध्ये ऑर नावाच्या अधिकाऱ्याने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम मांडला होता. इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मी जागा समोर मोकळी हवी, असा त्याचा सरळ अर्थ. त्या मापाने सात मजल्यांपुढे दहा-बारा मीटर लागतात. आपण तीनवर आलो, कारण पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेत सवलत दिली. सवलत बिल्डरला मिळाली, खोकला रहिवाशाला.

वसाहतींच्या त्या अभ्यासाला पैसा हे पुनर्वसन करणाऱ्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्याच (एमएमआरडीए) पर्यावरण सुधार सोसायटीचा होता. प्रश्न घरातूनच गेला, उत्तर घरीच आलं. मग ते नकाशे पास करणाऱ्या इंजिनिअरच्या टेबलावर रोज उघडं असायला हवं. पवईची आयआयटी, देवनारची समाजविज्ञान संस्था टिस, जुहूचं वास्तुकला महाविद्यालय केआरव्हीआयए, सगळ्या संस्था उपनगरातच आहेत. त्यांचे विद्यार्थी टेप घेऊन याच वस्त्यांत मापं घेत फिरतात. ती मापं प्रबंधात बांधली जातात, विकास नियंत्रण नियमावलीपर्यंत क्वचित पोचतात.

आता घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) प्राधिकरण मिळून हजारो कुटुंबांसाठी टॉवर उभारायला निघाले आहेत. गोवंडी तिथून लांब नाही, घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडने जाऊन पाहता येतं. प्रत्येक टॉवरच्या नकाशाला तळापासून चौथ्या मजल्यापर्यंतच्या उजेड-वाऱ्याचा हिशेब जोडा. तो विद्यापीठातल्या माणसांकडून तपासून घ्या. रहिवाशांसमोर मराठीत मांडा. लोक राहायला गेल्यावर वर्षभराने तेच संशोधक पुन्हा दारोदार पाठवा, आणि काय सापडलं ते पुढच्या नकाशाआधी वाचा.

रमाबाई नगरातल्या बायाबापड्यांनो, नव्या घराची चावी मागालच. त्याआधी, जोतं वर यायच्या आत, हा हिशेब मागा.